गारचुलीचा दिवस

आमच्या वस्तीत माणसं किती, याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे.

पाण्याच्या टँकरवाल्याला विचारा. तो ड्रम मोजतो, तो म्हणेल शंभराच्या वर घरं असतील. पंचायतीत विचारा. ते म्हणतील, असं वेगळं गावच नाही, ते आमच्यातच धरलंय. आणि वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या कोंडाजीआबांना यंदाच्या माघापर्यंत कुणी विचारलं तर ते तंबाखू मळत सांगायचे, "अकरा इस्तू."

इस्तू म्हणजे विस्तव, निखारा. आमच्याकडं माणसं त्यावर मोजतात. कशी, ते सांगतो.

वस्तीचं नाव उंबरमळा. चाकणहून तळेगावकडं जाताना एक पंप लागतो, त्याच्या मागून रस्ता खाली उतरतो, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं आम्ही. रात्रंदिवस वरून कंटेनर जातात. त्यातल्या एकाही ड्रायव्हरला खाली वस्ती आहे हे माहीत नसेल. आम्हाला वेस नाही, मारुती नाही, थांबा नाही. मॅपवर नाव पण नव्हतं, ते मी टाकलं. दोनदा उडवलं कुणीतरी. तिसऱ्यांदा टाकलं ते राहिलं.

आबांच्या आज्याच्या लहानपणी मूळ गावात प्लेग आला. घराघरात उंदीर मरून पडायला लागले तशी लोकं गाव सोडून रानात खोपटी घालून राहिली. सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने. रोग सरला, बाकीचे परत गेले. चार घरं इथंच राहिली, कारण ओढ्याला पाणी होतं आणि परत जावं अशी त्यांची गावात माणसंच उरली नव्हती.

ती आली त्या दिवशी त्यांच्यापाशी चूल पेटवायला काही नव्हतं. आजूबाजूचे रोगाची माणसं म्हणून जवळ येऊ देईनात. ओढ्याकाठी धनगराचं एक बिऱ्हाड मेंढरं घेऊन उतरलं होतं. त्यातल्या बाईनं खापरात निखारे आणून लांबच ठेवले आणि मागं सरली. दुसऱ्या दिवशी ती मेंढरामागं निघून गेली. तिचं नाव कुणाला माहीत नाही. त्या निखाऱ्यावर चार घरांनी मिळून एकच चूल पेटवली.

त्याची आठवण म्हणून दर माघ पौर्णिमेला गारचूल असते. दिवस उगवायच्या आत वस्तीतल्या सगळ्या चुली विझवायच्या. उंबराखाली एकच चूल पेटवायची, दुपारी सगळ्यांनी तिच्यावरचं जेवायचं. दिवस कलला की तिच्यातला इस्तू ज्यानं त्यानं घरी न्यायचा आणि त्याच्यावरनंच घरची चूल पेटवायची. त्या दिवशी काडी ओढायची नाही. आणि एकाची जरी चूल गार राहणार असली तर कुणीच इस्तू न्यायचा नाही. सगळे थांबणार.

आता सगळ्यांकडं गॅस आहे. तरी नेम आहे तसाच. घमेल्यात निखारा न्यायचा, त्यावर कापूर पेटवायचा आणि कापरावर बर्नर. लायटर त्या दिवशी देव्हाऱ्याखाली पडून असतो.

जो इस्तू नेतो तो वस्तीचा. मग त्याच्याकडनं घरटी एक माणूस आलं पाहिजे. विहिरीचा गाळ काढायला, लग्नात वाढायला, मयताला खांदा द्यायला. चाराची अकरा घरं झाली, भाऊभाऊ वेगळे होऊन. अकराच्या पुढं आकडा कधी गेला नव्हता.

आम्ही त्या अकरात नाही. आम्ही खोल्यांतले.

आबांचा मुलगा दादासाहेब. त्यांची बरीच जमीन रस्त्यात आणि कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या बावीस खोल्या काढल्या. पहिल्या खोलीत आम्ही. माझे आईवडील जालन्याकडनं, अंबडच्या बाजूनं आले. वडलांना वॉचमनचं काम होतं, चार महिन्यांचं. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. आता मी चाकणला मशीनवर आहे, ऑपरेटर. चार महिने चाललेतच अजून.

दर गारचुलीला खोल्यांतले पण जेवायला असतात. हाक मारतात, प्रेमानं वाढतात, खोटं कशाला सांगू. शेवटच्या पंगतीला बसवतात पण पोटभर. मग दिवस कलला की आम्ही आपापल्या खोलीत जायचो आणि लायटर लावायचो. आम्हाला नेम नव्हता. नेम नाही म्हणजे आम्ही मोजले जात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वडील गेले तेव्हा कळलं.

सकाळी गेले. खोल्यांतले निम्मे फर्स्ट शिफ्टला, निम्मे नाईट करून झोपलेले. वस्तीतल्या घरांतून एकटे कोंडाजीआबा आले. बाकीच्यांच्या मनात वाईट नव्हतं. घरटी माणूस पाठवायचं ते इस्तवाच्या घराला, असा त्यांचा हिशेब. आबांचं वय खांदा द्यायचं नव्हतं. मी कंपनीतल्या पोरांना फोन लावले. ती येईपर्यंत आई वडलांच्या उशाशी बसून दाराकडं बघत होती. कुणाची वाट बघत होती ते मला तेव्हा समजलं नाही.

त्यानंतर आईनं मेस चालू केली. खोल्यांतली सडी पोरं, कंत्राटावरची, तिच्याकडनं डबा घेतात. सगळी तिला मावशी म्हणतात. नांदेडचा भीमराज म्हणून एक आहे, तो तर पोळी करपली तरी म्हणतो, "मावशी, आज काय टेस्ट आलीय."

यंदा संक्रांतीनंतर दादासाहेब दारात येऊन उभे राहिले. आत येत नाहीत ते, उंबऱ्यावर एक पाय ठेवून बोलतात.

"मावशी, पाडव्यानंतर खोल्या पाडायच्या हाईत. गोडाऊनवाली पार्टी आलीय. सगळ्यांना सांगतोय, तुमाला पयल्यांदा."

आई म्हणाली, "बरं."

मला खरं तर आनंद झाला. पिंपरीकडं काळेवाडीत माझ्या मित्राच्या वरची खोली रिकामी होत होती. नळाला पाणी, खाली दुकानं, माणसात असल्यासारखं. मी दादासाहेबांना तिथंच सांगून टाकलं की आमची सोय झालीय. आईनं पीठ मळता मळता माझ्याकडं एकदा बघितलं.

दोन-चार दिवसांनी तिनं मला विचारलं, "इस्तू नेलेल्या घराला कुणी ऊठ म्हणलंय का रे आजपर्यंत?"

"नाही. कसं म्हणतील? आबाच म्हणू देणार नाहीत."

"हां," म्हणाली, आणि पोळी उलटली.

तिनं दादासाहेबांना सरळ विचारलं होतं हे मला नंतर दादासाहेबांकडनंच कळलं. गाडी पुसताना मला म्हणाले, "तुजी आई इस्तू मागतीय राव. आता मी काय बोलू? जेवा म्हणलं, डबा भरून न्या म्हणलं. पण इस्तू न्हाई. एकीला दिला की बावीस खोल्या रांगंत उभ्या ऱ्हातील. मग गोडाऊन काय डोक्यावर बांधू?"

मी हसलो. मला वाटलं विषय संपला.

गारचुलीच्या दिवशी मला सुट्टी होती. जाग आली तेव्हा आई फर्स्ट शिफ्टचे डबे देऊन मोकळी झाली होती. बाहेर अजून फटफटत होतं. तिनं शेगडी पुसली, रेग्युलेटर काढून ठेवला, शेगडीला हळदकुंकू लावलं आणि पदर खोचून उंबराखाली भाजी चिरायला गेली. मला वाटलं साफसफाई चाललीय. मी कूस बदलली.

दुपारी जेवणं झाली. वांग्याबटाट्याचा रस्सा, भात, लापशी. दिवस कलला तशी घराघरातली माणसं घमेली घेऊन उंबराखाली आली. चुलीपाशी छबूबाई बसलेल्या. आबांची भावजय, हातात लांब चिमटा. इस्तू त्याच काढून देतात, दुसऱ्या कुणी चुलीत हात घालायचा नाही.

आबा उठून उभे राहिले आणि दरवर्षीचं विचारलं, "कुणाची चूल गार ऱ्हातीय का?"

याला उत्तर द्यायचं नसतं. जरा थांबायचं आणि छबूबाईंनी पहिला निखारा काढायचा.

मागून आई म्हणाली, "मव्ही गार आहे, आबा."

सगळे वळले. आई फुटकी कढई घेऊन उभी होती. कढईत राख पसरलेली, निखारा ठेवायला.

दादासाहेबांना आधी हसूच आलं. "अवो मावशी, तुमाला कुणी विझवायला सांगितली? जावा, लावा लायटर."

"आज लायटर लावायचा नसतो ना?"

"ते आमाला वो."

"कामून? वस्तीतल्या चुली विझवायच्या म्हणतेत. मी काय वस्तीबाहेर राहते का? विझवली."

"आत्ता लावा की पन."

"विझवलेली कशी लावू?"

ती भांडत नव्हती. आवाज पण चढवला नव्हता. दादासाहेबांनी छबूबाईंकडं बघितलं. "काकी, द्या तुमी सुरू करून. दूध तापवायचं खोळांबलंय सगळ्यांचं."

छबूबाईंनी चिमटा मांडीवर आडवा ठेवला. "चूल गार हाय म्हणती ना ती? मग कसा देऊ? नेम काय मी केलाय व्हय?"

"भाडेकरूची चूल धरत न्हाईत, काकी."

"तसं आबा म्हणू दे. मी चिमटा धरनारी बाई."

आबा खाली बसले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

तेवढ्यात खोल्यांकडनं भीमराज आला. नाईटला जायचं होतं, खांद्याला रिकामी पिशवी. "मावशी, डबा?"

"डबा नाही बाबा. चूल गार आहे."

"गॅस संपला का? मव्ही टाकी आणू का?"

"गॅस आहे."

"मग?"

"आबा काय म्हणतेत बघू."

भीमराजनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्याला काही कळलं नाही. पण तो पण बसला. मग त्याच्या मागनं दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकजण विचारायचा, "काय झालंय?" आणि भीमराज सांगायचा, "माहीत नाही, मीटिंग आहे." थोड्या वेळात पंधरा-वीस पोरं रिकाम्या पिशव्या घेऊन उंबराखाली मोबाईल बघत बसली. खोल्यांतल्या बायका आल्या. वस्तीतली घरं घमेली घेऊन एका बाजूला. लहान पोरं चहा मागायला लागली आणि चहा कुणाच्याच घरी होणार नव्हता.

एवढी माणसं मी उंबराखाली एकदम कधी बघितली नव्हती. एरवी पंगती वेगवेगळ्या बसतात ना.

दादासाहेबांनी मला झाडामागं नेलं. "समजाव तिला. तू शिकलेला माणूस."

"मी दहावी नापास आहे."

"मोबाईलवर एवढं टायपत असतोस की. राव, तुमी काळेवाडीला चाललाय, मग इस्तू घेऊन करायचं काय? ओढ्यापलीकडं इस्तू जात न्हाई, तुला ठाव हाय."

ते हळू बोलत होते, पण त्यांचं हळू म्हणजे तुमचंआमचं साधं बोलणं. आईनं ऐकलं.

"तो चाललाय," ती तिथनंच म्हणाली. "मी नाही चालले."

काळेवाडीचं तिला पसंत आहे असं मी धरून चाललो होतो. तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं.

आबांनी तंबाखू थुंकली आणि विचारलं. "कस्तुरा, तुला इस्तू कशापायी पायजे? खोली ऱ्हावी म्हणून?"

आईनं जरा विचार केला. "खोली राहिली तर बरंच आहे. पर त्याच्यासाठी नाही."

"मग?"

"ह्याचे वडील गेले तवा मी दाराकडं बघत बसले होते, आबा. दुपार झाली. तुम्ही एकटे आलात. उद्या मी गेले तर ह्यानं पण तसंच फोन लावत बसायचं का?"

वर रस्त्याला एक कंटेनर ब्रेक दाबत गेला. वस्तीतल्या दोन-तीन माणसांनी घमेली खाली ठेवली. दादासाहेब टाचेनं माती उकरत होते.

आबा म्हणाले, "त्या दिशी मी घरोघर सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई. माज्याबी मनात तसंच हुतं, अकराचं." मग म्हणाले, "पन कस्तुरा, इस्तू म्हंजे नुसतं घेणं न्हाई. घरटी एक मानूस द्यावं लागतं. हिरीत उतरायला, तिरडी उचलायला. तुज्याकडनं कोण येनार? ह्यो काळेवाडीत बसून येनार हाय व्हय?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. आई सोडून. आई कढईतली राख बोटानं सारखी करत होती.

तिनं माझ्याकडं बघितलं असतं तर सोपं झालं असतं. मी काळेवाडीची खोली डोळ्यासमोर आणली. खालचं वडापावचं दुकान आणलं, मित्र आणला. मग मला वडलांच्या दिवशीची दुपार आठवली, फोन कानाला लावून मी याच झाडाखाली फेऱ्या मारत होतो. समोरच्या घराच्या ओट्यावर माणसं होती. ती उठली नाहीत आणि मी पण त्यांना हाक मारली नाही. आपण मारायची नसते असं मला वाटायचं.

"शिफ्ट असली तर?" मी विचारलं.

पोरं हसली. भीमराज सगळ्यात मोठ्यानं.

आबा हसले नाहीत. "शिफ्ट बदलून घ्यायची."

"मग येईन."

"कुठनं येशील?"

"इथनंच."

आबांनी छबूबाईंकडं मान हलवली. छबूबाईंनी चिमटा उचलला. पण दादासाहेबांनी हात वर केला.

"आबा, थांबा. मी म्हणलो हुतो तेच हुनार आता. ह्या सगळ्यांना इचारा. सगळ्यांना पायजे आसंल."

"इचारतो की," आबा म्हणाले. "अरं पोरांनो, कुणाकुणाला पायजे?"

खोल्यांतले बरेच हात वर झाले. एका बाईनं तर पळत जाऊन तवा आणला.

"द्यायचा," आबा म्हणाले. "पन ऐका. माघारी गावाला जानार आसंल त्यानं घेऊ नये. चूल पेटती ठेवावी लागंल. हिरीचा गाळ हाय, तो उन्हाळ्यात काढतो, छातीएवढ्या चिखलात. वस्तीत कुणी गेलं तर कामावर खाडा पडला तरी यायचं. कुणाचं कोण हाय हे इचारायचं न्हाई."

एकेक हात खाली यायला लागला. भीमराजनं आपला वर केलेला हात डोकं खाजवायला वापरला. "आबा, मव्हं लग्न व्हायचंय अजून. मी चूल कुठून आणू?"

"मग ये नंतर," छबूबाई म्हणाल्या. "बायकू घिऊन ये. इस्तू कुठं पळतोय."

शेवटी दोनच हात राहिले. सातव्या खोलीतल्या यशोदाबाई, त्या एकट्याच असतात, त्या म्हणाल्या माणूस म्हणून मीच येईन, गाळाच्या पाट्या मी पण उचलते. आणि तवा घेऊन आलेली बाई. तिच्या नवऱ्यानं विहिरीचं ऐकून तिला कोपरानं ढोसलं, तिनं तवा खाली ठेवला नाही.

छबूबाईंनी पहिला निखारा काढला. दरवर्षी पहिला आबांच्या घमेल्यात जातो. त्या थांबल्या, आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "माज्यातच टाक. नेम हाय त्यो." मग दादासाहेबांच्या चुलतभावाचा, मग बाकीचे. आईची पाळी बारावी आली. निखारा कढईत पडला तेव्हा राखेचा थोडा धूर उडाला आणि ती खोकली.

खोलीत येऊन तिनं रेग्युलेटर लावला, निखाऱ्यावर कापूर धरला. पहिल्यांदा विझला. दुसऱ्यांदा पेटला. बर्नर भक्कन लागला आणि ती लगेच कणीक मळायला बसली, कारण दारात वीस पोरं उभी होती. कंपनीची बस वर रस्त्याला हॉर्न देत होती.

"लाटायला ये," मला म्हणाली. एवढंच. माझ्या पोळ्यांचे नकाशे झाले. भीमराज ते नेताना म्हणाला, "भावा, हे जालना का?"

त्यानंतर मी मॅपवर वस्तीच्या नावाखाली लोकसंख्या लिहायची म्हणून बसलो. टँकरवाल्याचा आकडा लिहावा का आबांचा, बराच वेळ ठरेना. आबांना विचारलं. ते म्हणाले, "चौदा." म्हटलं, आबा, माणसं किती? म्हणाले, "चौदा घरं हाईत, मानसं येत्यात-जात्यात." मी रकाना रिकामाच सोडला.

दादासाहेब महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. दिसले की फोन कानाला लावायचे. गोडाऊनच्या पार्टीची पांढरी गाडी दोनदा येऊन गेली. पाडवा झाला. खोल्या पाडायला कुणी आलं नाही, आणि पाडणार नाही असंही कुणी म्हणालं नाही. मित्राचा काळेवाडीहून फोन आला, खोलीचं काय करतोस. मी म्हटलं, दुसऱ्याला दे.

परवा रविवारी सकाळी दार वाजलं. दादासाहेब. उंबऱ्यावर एक पाय.

"ज्ञानेश हाय का?"

"आहे," आई म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर. हिरीचा गाळ काढायला घेतलाय आज. घरटी एक मानूस."

मला त्या दिवशी ओव्हरटाइम होता. सुपरवायझरला फोन लावला, तो दोन शब्द बोलला, ते मी इथं लिहीत नाही. चप्पल काढून हाफ पँट घातली. निघताना धीर करून विचारलं, "दादासाहेब, त्या गोडाऊनचं काय ठरलं?"

ते चालायला लागले होते. वळले आणि माझ्या हातांकडं बघितलं.

"मोकळ्या हातानं येतोस व्हय? यशोदाबाई पाटी घिऊन कवाच्या उतरल्यात खाली. फावडं आन आदी."

आमच्याकडं फावडं नव्हतं. त्यांच्याच गोठ्यातनं आणलं.